रेषेबाहेरची फुली

गेर्लिंगेन
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,

तुमच्या वहीतलं कोरं पान आठवतं का? लग्नानंतर पहिल्यांदा कोल्हापूरला आले, तेव्हा आईंनी मला स्वयंपाकघरात बसवून पोहे दिले आणि तुम्ही समोर येऊन ती निळ्या पुठ्ठ्याची वही उघडलीत. नव्या सुनेला लोक दागिने दाखवतात, नाहीतर अल्बम. तुम्ही मला टेरी ब्रॅडवेल दाखवलात. इंग्लंडचा फुटबॉलपटू, लेफ्ट बॅक, पुढे मॅनेजर झालेला. कुठल्या साली कुठल्या संघात, किती मॅच, कुठून कधी काढून टाकलं, सगळं कात्रणांसकट. आई म्हणाल्या, "अहो, तिला घास तरी गिळू द्या." वही २००६ पर्यंत येऊन थांबली होती. पुढचं पान कोरं. इथून पुढे हा माणूस कुठे गेला कोणाला ठाऊक नाही, असं तुम्ही म्हणालात, आणि घरातलंच कोणी हरवल्यासारखा तुमचा चेहरा झाला.

बाबा, तो मला सापडलाय. ब्रेडच्या दुकानात.

आमच्या शेजारच्या गावात शेतांमधून चालत जाता येतं. शनिवारी तिथल्या बेकरीत रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा होता, उजवा गुडघा न दुमडता चालणारा. बेकरीवाली फ्राऊ हेल्डमायर त्याला म्हणाली, "काय मिस्टर ब्रॅडवेल, उद्या जिंकणार का?" तो म्हणाला, "उद्या पाऊस आहे," आणि पिशवी उचलून गेला. मी घरी येऊन शोधलं. तोच आहे. त्या गावच्या क्लबचा तो तीन वर्षांपासून मॅनेजर आहे. सहाव्या दर्जाची लीग, म्हणजे आठवडाभर सुतारकाम, शाळा, ऑफिस करायचं आणि रविवारी खेळायचं.

आज मॅच बघून आले. प्रणव ड्रेस्डेनहून शनिवार-रविवार आला होता, आम्ही दोघं गेलो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, व्हॉट्सॲपवरची अक्षरं पळतात असं तुम्ही म्हणता. म्हणून ग्राफ पेपरवर मैदान काढून पाठवते आहे. वर्तुळं आमची, चौकोन त्यांचे. दोन्ही गोल कुठून झाले ते बाणांनी दाखवलंय. खाली रेषेबाहेर दोन फुल्या आहेत, ते आम्ही. ब्रॅडवेलचा त्रिकोण आहे.

आम्ही ठीक आहोत. तब्येत सांभाळा.

तुमची,
ऊर्मिला

*

कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. ऊर्मिला,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. पोस्टमनला चहा पाजला. का, ते त्याला कळलं नाही.

तुझा नकाशा तीनदा पाहिला. माणसं खिळे ठोकल्यासारखी उभी केलीस, इंजिनियर ना तू. तरी खरं सांगतो, त्यातून मॅच दिसते. त्यांचा डावा बॅक पुढे धावत गेला आणि परत आला नाही, दोन्ही गोल त्याच रिकाम्या जागेतून. लेफ्ट बॅकनं परत यायचं असतं. ब्रॅडवेल हे जन्मभर सांगत आला.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, हा माणूस मला का लागला. मी विशीत होतो, जुनी वेस तालमीकडून लेफ्ट बॅक खेळायचो. टाऊन हॉलजवळ जुन्या मासिकांचा ढीग घेऊन एक जण बसायचा. त्यात त्याचा फोटो मिळाला. चिखलात बसकण मारून बॉल काढलेला आणि तोंडावर कसलाही आव नाही. गिरणीच्या गावचा मुलगा, सतराव्या वर्षी पहिली मॅच. देशाकडून एकदाच खेळला, १९८४, बावीस मिनिटं. पुढे गुडघा गेला. जर्मनीत चार वर्षं खेळला, तेव्हा इंग्लंडचे लोक तिकडे फारसे जात नसत. मग मॅनेजर. एका छोट्या संघाला तीन वर्षांत दोन दर्जे वर नेलं, तेव्हा पेपरात नाव गाजलं. मोठ्या क्लबनं उचलला आणि सात महिन्यांत काढला. त्यानंतर नुसती उतरण.

पण मला लागली ती दुसरीच गोष्ट. संघ निवडताना तो यादी फळ्यावर लावायच्या आधी वगळलेल्या प्रत्येकाकडे स्वतः जायचा आणि तोंडावर सांगायचा, उद्या तू नाहीस. घेतलेल्यांना सांगायची गरज नाही, ते वाचतीलच. हे मी १९९८ साली वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या तालमीत सुरू केलं. एकतीस वर्षांच्या कोचिंगमध्ये सव्वीस वर्षं पाळलं. पोरं रडली, एकानं माझ्या सायकलची हवा सोडली. तरी यादीवर आपलं नाव शोधत कोणाला उभं राहावं लागलं नाही.

तो अजून तसं करतो का, बघशील? आणि कधी बोलणं झालं तर माझा एक प्रश्न विचार. तुम्हाला काढून टाकलं तेव्हा तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का?

आमचा हंगाम पुढच्या महिन्यात सुरू होईल. डाव्या कानानं आता काहीच नाही, उजव्यानं जवळचं थोडं येतं. शिट्टी ऐकू येत नाही, पण पोरांच्या पायांवरून कळते. शेजारचा शिरीष औषधं आणून देतो. प्रणवला म्हणावं, बापाला दोन ओळी लिहिल्यानं बोटं झिजत नाहीत.

वासुदेव इंगवले
(सही करायची सवय. बाबा.)

*

(हे पत्र पाठवलं नाही.)

गेर्लिंगेन
२७ ऑक्टोबर २०२४

बाबा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मॅचला मी एकटी गेले होते. प्रणव जूनमध्ये ड्रेस्डेनला गेला तो नोकरीसाठीच, तेवढं खरं. पहिले तीन आठवडे शनिवारी यायचा. जुलैत त्यानं फोनवर सांगितलं की आता येणार नाही. भांडण नाही, दुसरं कोणी नाही, निदान तो तसं म्हणतो. त्याला तिथे एकट्यानं हलकं वाटतं, असं म्हणाला. चौदा वर्षं मी त्याला जड होते, हे मला त्या एका शब्दानं कळलं.

इथे घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं. त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात, विभक्तीचं वर्ष. ऑगस्टमध्ये त्याच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात ते वर्ष जूनपासून धरलं होतं. म्हणजे मी शनिवारी त्याच्यासाठी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हाच ते सुरू झालं होतं आणि मला माहीत नव्हतं.

"बाबांना मी दिवाळीत सांगतो, तू काही बोलू नकोस," असं त्यानं मला बजावलंय. त्याचे वडील आहेत, त्याचा हक्क आहे. पण खरं सांगू? मी गप्प आहे ते त्यानं बजावलं म्हणून नाही.

या घरात माझ्या नावानं पत्रं येतात ती वीज कंपनीची, विमा कंपनीची, गावच्या ऑफिसची. एकाच पाकिटावर हातानं लिहिलेलं असतं. ऑफिसमध्ये मी मशीनची माहितीपत्रकं जर्मनमधून इंग्रजीत आणते. दिवसभर वाक्यं लिहिते आणि एकही वाक्य कोणाला उद्देशून नसतं. माझे आईवडील गेल्यावर 'तू' म्हणून मला लिहिणारे तुम्हीच राहिलात. आणि ते मी तुमची सून आहे म्हणून. ते नातं जूनमध्ये कागदावरून गेलं की तुम्ही मला कशाला लिहाल? लिहू नये असंच कोणीही म्हणेल.

हे पत्र मी घराच्या कागदांच्या फाइलीत ठेवते आहे.

*

गेर्लिंगेन
३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

दिवाळीचा नमस्कार. या वर्षी चकल्या केल्या, निम्म्या तुटल्या. दारात पणती लावली तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन विचारलं की वीज गेली आहे का.

तुमचं काम केलं. ब्रॅडवेल अजूनही तसंच करतो. आज मुद्दाम मॅचच्या तासभर आधी गेले. यादी क्लबच्या काचेच्या दाराला आतून चिकटवतात. त्याआधी तो लंगडत मैदानाच्या पार कोपऱ्यात गेला, तिथे एक दाढीवाला खेळाडू पाय ताणत होता. दोन मिनिटं बोलणं. त्या मुलानं मान खाली घातली, मग बूट सोडायला लागला. ब्रॅडवेल निघून आला नाही. तो बूट सोडेपर्यंत शेजारी उभा राहिला. मग दोघं बरोबर परत आले आणि यादी लागली.

मॅच ०-३ हरलो. क्लब तळापासून तिसरा आहे. 'हरलो' असं मी लिहिते आहे, बघा.

चित्र सोबत आहे. फुल्या नेहमीच्या जागी. प्रणवही आला होता, थंडीनं वैतागला होता, हाफ टाइमला कॉफी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. त्याचं काम फार आहे, लिहायला जमत नाही म्हणतो. माझ्याकडून त्याचाही नमस्कार घ्या.

तुमची,
ऊर्मिला

*

कोल्हापूर
१ डिसेंबर २०२४

चि. ऊर्मिला,

पत्र आणि चित्र मिळालं. चित्र चष्मा लावून पाहिलं आणि काढूनही पाहिलं. या वेळी खिळे कमी झालेत, माणसं हलायला लागलीत. भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी लावलंय.

बूट सोडेपर्यंत उभा राहिला, हे माझ्या वाचनात नव्हतं. मी सांगायचो आणि वळायचो. पोरगं रडताना मला बघवायचं नाही. आता वाटतं, वळायला नको होतं.

दिवाळीत प्रणवचा फोन आला. शिरीषनं फोन उजव्या कानाला लावून धरला. फटाके चालले होते, मला समुद्रासारखा नुसता आवाज आला. मी हो हो म्हणालो. शिरीष म्हणाला, स्पीकरवर घेऊ का? मी नको म्हटलं. बापलेकाचं बोलणं चौकात कशाला.

हंगाम सुरू झाला. रोज सकाळी मैदानावर असतो. यंदा पोरं बरी आहेत, एक लेफ्ट बॅक तर चांगला परत येतो. नवीन शर्ट आलेत.

यापुढे मला मॅचचंच लिहीत जा. घरचं सगळं ठीक असणार, ते दर वेळी लिहायला हवं असं नाही. फक्त तू जेवतेस काय, ते लिही. तुझ्या सासूची एक सवय होती, एकटी असली की ताट न घेता पातेल्यातूनच खायची. तसं करू नकोस. ताट घेत जा.

माझा प्रश्न विचारायचा राहिलाय, विसरू नकोस.

बाबा

*

गेर्लिंगेन
१९ जानेवारी २०२५

ती. बाबा,

आज ताटात जेवले. पिठलं, भात आणि इथल्या मुळ्याची कोशिंबीर.

डिसेंबरच्या मध्यापासून मॅच बंद आहेत, मैदानावर बर्फ. तरी रविवारी मी चालत जातेच. सवय झाली. आज मैदानाकडेला ब्रॅडवेल एकटाच उभा होता, बुटाच्या टाचेनं बर्फ दाबून बघत. मी धीर करून 'गुड आफ्टरनून' म्हटलं. "इंग्लिश?" तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, इंडियन. तो म्हणाला, चालेल.

क्लबच्या खोलीत त्यानं थर्मासमधला चहा दिला. दूध घातलेला, बाबा! या देशात पंधरा वर्षांत मला पहिल्यांदा कोणी न विचारता दुधाचा चहा दिला. मी तुमच्या वहीबद्दल सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. माझ्या गावात लोकांना माझं नाव आठवत नाही, म्हणाला. इंग्लंडच्या मॅचबद्दल काय लिहिलंय, असं विचारलं. मी म्हटलं, बावीस मिनिटं. "एकवीस," तो म्हणाला. "शेवटचं मिनिट मी बूट बांधत होतो."

त्याची बायको वीस वर्षांपूर्वी परत इंग्लंडला गेली. तो एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जात राहिला, प्रत्येक वेळी गाव आधीपेक्षा लहान. इथे तो क्लबच्या खोलीवरच राहतो. इंग्रजीत बोलता बोलता मध्येच जर्मनमधलं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणतो आणि थांबतो, जणू पुढचं वाक्य कुठल्या भाषेत होतं ते आठवत नाही. मला ते थांबणं ओळखीचं आहे.

मग तुमचा प्रश्न विचारला. त्यानं दोघांच्या कपांत आणखी चहा ओतला.

"सात क्लबांनी मला काढलं," तो म्हणाला. "एका ठिकाणी माझ्या गाडीच्या जागेवर दुसऱ्याचं नाव रंगवलेलं दिसलं. एका ठिकाणी किल्ली फिरेना. मला वाटलं थंडीनं कुलूप गोठलंय, दहा मिनिटं त्यावर फुंकत बसलो. आधी सांगितलं ते एकदाच. शर्ट धुणारी बाई होती. सकाळी फाटकापाशी माझी वाट बघत थांबली होती. म्हणाली, आत गेलात की सांगतीलच, आधी माझ्याकडून ऐका."

मी विचारलं, मग वाईट कमी वाटलं का?

"नाही. तेवढंच वाटलं. फक्त तेव्हा मी एकटा नव्हतो."

तुम्हाला कळवायला म्हणून मी हे घरी येताच लिहून काढलं.

यंदाच्या तालमीच्या संघाचा फोटो पाठवाल का? ब्रॅडवेलला दाखवायचा आहे. तुम्ही मध्ये बसलेले असता तो.

तुमची,
ऊर्मिला

*

कोल्हापूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ऊर्मिला,

वहीत बावीस खोडून एकवीस केलं. चाळीस वर्षांची चूक होती.

फोटो पाठवता येत नाही. यंदाच्या फोटोत मी नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दूध आणायला निघालो होतो. चौकात तालमीचा नवा फ्लेक्स लागला होता, नव्या हंगामाचा. तुला माहीत आहे आपल्याकडचे फ्लेक्स, बावीस पोरं, पंधरा आधारस्तंभ, वर साहेबांचे फोटो. कोचच्या जागी मयुरेश. मीच तयार केलेला, बारा वर्षांचा असताना अनवाणी आला होता. पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मी आपला खालच्या ओळीत माझं तोंड शोधत राहिलो. मार्गदर्शकांत असेल, माजी खेळाडूंत असेल. दुधाची बरणी हातात धरून, सगळी मुंडकी मोजली. नंतर मयुरेश म्हणाला, "सर, मला वाटलं कमिटीनं तुम्हाला सांगितलं असेल." कमिटीला वाटलं मयुरेशनं सांगितलं असेल. माझ्या कानांमुळे जमत नाही हे कारण. ते बरोबरही असेल. पण इतकं मोठ्यानं ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती. कागदावर लिहून हातात दिलं असतं तरी चाललं असतं.

म्हणजे डिसेंबरात तुला लिहिलं ते खोटं होतं. रोज सकाळी मैदानावर असतो हे खरं, पण बाहेरच्या पायरीवर बसून. शर्ट आलेत हे लांबून दिसलं. तू वाट बघत असशील म्हणून लिहिलं, आणि माझ्या हातात दुसरं लिहायला काही नव्हतं म्हणून. पत्रात खोटं लिहिणं सोपं जातं, समोरचं माणूस दिसत नाही. पण लिहिलेलं राहतं, हे अवघड.

तुझ्या ब्रॅडवेलचं वाक्य वाचल्यावर मात्र लपवून ठेवता आलं नाही. शर्ट धुणारी बाई मला भेटली नाही. निदान मी तुला सांगतो. घरात हे तुलाच पहिल्यांदा कळतंय, प्रणवलाही नाही.

तुलाही काही लिहायचं असेल तर लिही. नसेल तर मॅचचं लिही.

बाबा

*

गेर्लिंगेन
१६ मार्च २०२५

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून मी कोट न काढता दारातच बसून राहिले. मुंडकी मोजली, या शब्दांपुढे मला जाता येईना. सहा दिवस उत्तर लिहिता आलं नाही. मग गुरुवारी जे झालं ते सांगते.

ऑफिसातून येताना बेकरीत गेले. फ्राऊ हेल्डमायरनं मला काउंटरच्या आत बोलावलं. तिथे क्लबच्या छापील पत्रकांचा गठ्ठा होता, ती ते दर महिन्याला दुकानात ठेवते. पहिल्याच पानावर एका तरुण माणसाचा हसरा फोटो, 'उन्हाळ्यापासून आमचा नवा ट्रेनर'. ब्रॅडवेलचं नाव आत चौथ्या पानावर, आभार म्हणून, गवत कापणाऱ्याच्या नावाशेजारी. ती म्हणाली, "तो सातला ब्रेड घ्यायला येतो. मी हे कुठे लपवू?" मी म्हटलं, लपवू नका, मला अर्धा तास द्या.

बाबा, मी शेतातून जवळजवळ पळत गेले. माझं त्या माणसाशी नातं काय? तरी मला तुमची दुधाची बरणी दिसत होती. तो मैदानाला चुन्याच्या रेषा मारत होता. मी म्हटलं, मिस्टर ब्रॅडवेल, बेकरीत एक कागद आलाय, तो तुम्ही बघाल, त्याआधी माझ्याकडून ऐका. आणि सांगितलं.

त्यानं ऐकलं. म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे 'बरोबर'. मग अर्धी राहिलेली रेष कोपऱ्यापर्यंत पूर्ण केली. मला वळून निघून जावंसं वाटत होतं. तुम्ही लिहिलं होतंत, वळायला नको होतं. म्हणून उभी राहिले. रेष संपल्यावर तो म्हणाला, "तू दुसरी."

मग आम्ही बेकरीत बरोबर गेलो. त्यानं नेहमीचा ब्रेड घेतला आणि एक पत्रकही घेतलं.

परत येताना मला माझीच लाज वाटायला लागली. परक्या माणसाला सांगायला धावले आणि तुमच्यापासून आठ महिने लपवलं. सोबत एक पत्र आहे, २७ ऑक्टोबरचं. तेव्हा पाठवायचं होतं. त्यात सगळं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. प्रणवनं तुम्हाला सांगितलं की नाही मला माहीत नाही. विचारलं की म्हणतो, सांगतो. मी आणखी थांबू शकत नाही. तुम्हाला हे कोणाच्या तरी फ्लेक्सवर दिसायला नको.

जूनमध्ये वर्ष पूर्ण होईल. माझं एकच मागणं आहे. तुमच्या यादीत मी असेन की नाही, ते मला तुम्हीच सांगा. नसेन तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. चालणार नाही, पण मी समजू शकेन.

आजच्या मॅचचं चित्र पाठवते. १-१. या वेळी फुली एकच आहे, आणि ती खरी आहे.

ऊर्मिला

*

कोल्हापूर
१३ एप्रिल २०२५

चि. ऊर्मिला,

दोन्ही पत्रं वाचली. आधी जुनं, मग नवं.

मला माहीत होतं. नोव्हेंबरपासून. तुझ्या दुसऱ्या चित्रात एकच फुली होती. पत्रात लिहिलंस, फुल्या नेहमीच्या जागी, प्रणव आला होता, थंडीनं वैतागला होता. आणि कागदावर तू एकटी. चष्मा काढून पाहिलं, पुसली गेली असेल म्हणून कागद उजेडाला धरला. एकतीस वर्षं मी रेषेबाहेर उभं राहून कोण कुठे आहे हेच बघत आलो. पोरगं तोंडानं काही म्हणू दे, जागा खोटं बोलत नाही. मग पहिलं चित्र परत काढलं. त्यातली दुसरी फुली हलक्या हातानं काढलेली होती, पेन्सिल टेकवल्यासारखी.

प्रणवनं पंधरा दिवसांपूर्वी शिरीषच्या फोनवर लिहून कळवलं. चार ओळी. मुलगा आहे, त्याला तोडणार नाही. पण आपल्या घरात वाढून यादी लावायच्या आधी सांगायला तो शिकला नाही, हे माझंही अपयश. त्याला मी तसं कळवलंय.

आता मी का विचारलं नाही, ते सांगतो. तुला वाटत होतं, सांगितलं तर पत्र यायचं बंद होईल. मलाही तेच वाटत होतं. विचारलं तर तू म्हणशील, आता कशाला लिहू या म्हाताऱ्याला, माझा काय संबंध. म्हणून लिहिलं, घरचं लिहू नकोस, मॅचचं लिही. दोघंही एकाच भीतीनं गप्प, आणि मधल्या मध्ये बिचारा ब्रॅडवेल पळतोय, दुखऱ्या गुडघ्यानं.

तू यादीचं विचारलंस. वगळायचं असतं तर तुला आधी सांगितलं असतं. सांगण्यासारखं काही नाही.

ब्रॅडवेलला माझा नमस्कार सांग. वहीतलं कोरं पान मी आता भरलंय. त्याच्या शेवटच्या क्लबपुढे तारीख, आणि 'कोणी सांगितलं' म्हणून तुझं नाव. मयुरेश परवा घरी आला होता. कागदावर लिहून आणलं होतं त्यानं, सर, बचावाची बाजू बघाल का. बघू म्हटलंय.

तुझं १-१ चं चित्र परत पाठवतोय. मॅच बरोबर काढलीस. एकच दुरुस्ती केली आहे, निळ्या शाईनं, म्हणजे पुसायची नाही. तुझ्या फुलीला लागून अजून एक आहे, बघ. मी तुझ्या डाव्या हाताला उभा आहे. उजव्या कानानं अजून थोडं ऐकू येतं.

बाबा